आयसीयूतल्या मॉनिटरवर पळणारी ती रेष वाचायला जगाला शिकवणारा माणूस : विलेम आइंटहोव्हेन

आयसीयूच्या दाराला एक छोटी काच असते. आत आपलं माणूस झोपलेलं, बाहेर आपण. डॉक्टर ठरलेल्या वेळीच भेटणार आणि नर्सला सारखं विचारायला संकोच वाटतो. मग आपण काय करतो, तर त्या काचेला नाक लावून पलंगाशेजारचा मॉनिटर बघत बसतो. त्यावर बरेच आकडे असतात, पण नजर जाते ती पळणाऱ्या रेषेकडे. एक छोटा उंचवटा, मग टोकदार सुळका, मग परत एक उंचवटा. रेष पळतेय म्हणजे सगळं ठीक आहे असं मनाला समजावतो आणि चहा प्यायला खाली जातो.

खरं सांगायचं तर त्या रेषेतलं आपल्याला काही कळत नसतं. डॉक्टरांना मात्र कळतं. आणि मुंबईतल्या डॉक्टरला त्यात जे दिसतं तेच टोकियोतल्या डॉक्टरलाही दिसतं. एवढं एकमत कुठून आलं?

ते आलं एका डच माणसामुळे. नाव विलेम आइंटहोव्हेन. गंमत म्हणजे माणसाच्या हृदयाची ही रेष पहिल्यांदा त्यांनी काढलेली नव्हती. ती आधीच दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने काढली होती आणि दवाखान्यात तिचा फारसा उपयोग होईल असं त्याला वाटत नव्हतं. आइंटहोव्हेन यांना वाटलं. फक्त रेष अचूक यायला हवी, एवढीच त्यांची अट होती. त्या एका अटीपायी त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घातली.

जावा बेटावरचा जन्म

२१ मे १८६० रोजी विलेमचा जन्म झाला तो नेदरलँड्समध्ये नाही, तर जावा बेटावरच्या सेमारांग शहरात. आज हे शहर इंडोनेशियात आहे, तेव्हा तिथे डचांची सत्ता होती. वडील याकोब तिथेच डॉक्टर होते. सहा भावंडांमध्ये विलेम तिसरा आणि मुलांमध्ये थोरला.

विलेम सहा वर्षांचा असताना वडील गेले. आईने पुढची काही वर्षं तिथेच काढली आणि १८७० मध्ये सहाही मुलांना घेऊन ती नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात आली.

मुलाला वडिलांसारखं डॉक्टर व्हायचं होतं, पण शिक्षणाचा खर्च मोठा होता. त्यावर तोडगा होता तो सरकारी कराराचा. शिक्षणाला सरकार पैसे देणार, बदल्यात डॉक्टर झाल्यावर वसाहतीतल्या सैन्यात नोकरी करायची. म्हणजे शिकून परत जावाच्या बाजूलाच जायचं. हा करार करून १८७८ मध्ये विलेमने उट्रेख्त विद्यापीठात प्रवेश घेतला.

हा मुलगा पुस्तकात डोकं घालून बसणारा नव्हता. व्यायाम, तलवारबाजी आणि वल्हवणं यांत तो पुढे असायचा. विद्यार्थ्यांचा बोट क्लब सुरू करणाऱ्यांमध्येही त्याचं नाव होतं. एकदा पडून त्याचं मनगट मोडलं. दुसरा कुणी असता तर कंटाळत बसला असता. याने त्या सक्तीच्या विश्रांतीत आपला हात कोपरापासून फिरतो कसा, याचाच अभ्यास केला. १८८२ मध्ये त्यावरचा त्याचा निबंध छापून आला.

पुढे त्यांनी डोंडर्स या नावाजलेल्या शरीरशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केलं. १८८५ मध्ये डॉक्टरेट मिळाली ती डोळ्यांवरच्या अभ्यासासाठी. वेगवेगळे रंग आपल्याला जवळ किंवा लांब का भासतात, हा त्यांचा विषय होता. हृदयाचा इथपर्यंत काही संबंध नव्हता.

त्याच सुमारास लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. ती मिळाली आइंटहोव्हेन यांना. १८८६ मध्ये ते रुजू झाले तेव्हा वय होतं पंचवीस. सैन्यातली नोकरी टळली. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. यानंतर शेवटपर्यंत, म्हणजे जवळपास एक्केचाळीस वर्षं, ते लायडनमध्येच राहिले.

बरणीत पाय बुडवून उभा असलेला कुत्रा

आता थोडं हृदयाच्या विजेबद्दल. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका बारीक लाटेने सुरू होतो. ही लाट हृदयाच्या वरच्या भागातून खाली पसरते आणि तिच्यामागोमाग स्नायू आकसतो. १८५६ मध्ये कोलिकर आणि म्युलर या दोन शास्त्रज्ञांनी हे बेडकावर दाखवलं होतं. धडधडत्या हृदयावर त्यांनी बेडकाच्याच पायाची नस ठेवली, तर प्रत्येक ठोक्याला तो पाय उडायला लागला.

पण ते झालं उघड्या हृदयाचं. जिवंत माणसाची छाती न उघडता ही वीज कशी पकडायची?

ते १८८७ मध्ये लंडनमधल्या ऑगस्टस वॉलर यांनी करून दाखवलं. त्यांनी छातीवर आणि पाठीवर पट्ट्या लावल्या आणि त्यांच्या तारा एका बारीक काचनळीतल्या पाऱ्याला जोडल्या. वीज बदलली की पाऱ्याची पातळी किंचित हलायची. तिची सावली फोटोच्या काचेवर पाडायची आणि ती काच सरकवत न्यायची, की रेष तयार. काच सरकवायला वॉलर यांनी चक्क खेळण्यातली आगगाडी वापरली होती.

वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉग होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवायचे आणि लोकांसमोर त्याच्या हृदयाची रेष काढून दाखवायची, असे प्रयोग ते करायचे. हे इतकं गाजलं की १९०९ मध्ये ब्रिटिश संसदेत कुत्र्याच्या छळाचा प्रश्न उपस्थित झाला. ते नुसतं साधं मीठ घातलेलं पाणी आहे, असा खुलासा गृहमंत्र्यांना करावा लागला.

१८८९ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात शरीरक्रियाशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे वॉलर यांनी प्रयोग करून दाखवला. बघणाऱ्यांमध्ये एकोणतीस वर्षांचे आइंटहोव्हेनही होते.

आता फरक बघा. आजार ओळखायला ही रेष फारशी कामी येईल असं आपल्याला वाटलं नव्हतं, अशी कबुली खुद्द वॉलर यांनी पुढे १९११ मध्ये दिली. आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. पारा जड असतो. विजेची लाट झपकन येऊन जाते आणि पारा आपला मागून सावकाश हलतो. वेगाने पळणाऱ्या माणसाचा फोटो काढावा आणि तो धूसर यावा, तसा प्रकार. त्या रेषेत मोजून दोन ओबडधोबड उंचवटे दिसायचे. एवढ्यावरून आजारी हृदय आणि निरोगी हृदय यांतला फरक कोण सांगणार?

आइंटहोव्हेन यांनी मात्र प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. त्यांच्या मते हृदय नीटच सांगत होतं, ऐकणारं यंत्र मंद होतं.

पी, क्यू, आर, एस, टी आले कुठून?

लायडनला परतल्यावर त्यांनी त्याच पाऱ्याच्या यंत्रावर काम सुरू केलं. प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीत होती आणि बाहेरचा रस्ता दगडी. घोडागाडी गेली की जमीन हादरायची आणि पारा थरथरायचा. हादरे थांबवण्यासाठी त्यांनी जमिनीत खड्डा खणून त्यात मोठे दगड भरून पाहिले. तरी काही फरक पडला नाही.

मग त्यांनी गणिताचा आधार घेतला. पारा नेमका किती मागे पडतो हे मोजलं, त्यावरून सूत्र तयार केलं आणि चुकीच्या रेषेवरून मूळ रेष कशी असेल ते हिशेबाने काढलं. प्रत्येक रेषेसाठी हा सगळा खटाटोप करावा लागे. पण १८९५ मध्ये त्यातून जे दिसलं ते नवीन होतं. दोन उंचवट्यांच्या जागी पाच स्पष्ट वळणं होती.

पाऱ्याच्या कच्च्या रेषेतल्या वळणांना त्यांनी ए, बी, सी, डी अशी नावं दिली होती. हिशेबाने सुधारलेल्या रेषेचा त्यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून तिच्यासाठी मधली अक्षरं घेतली. पी, क्यू, आर, एस आणि टी. सव्वाशे वर्षं उलटून गेली, आजही जगभरातले डॉक्टर हीच अक्षरं वापरतात.

सोप्या भाषेत सांगायचं तर पी हा पहिला छोटा उंचवटा. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत वीज पसरली की तो उमटतो. क्यू, आर, एस मिळून तो उंच टोकदार सुळका होतो. ही खालच्या दोन मोठ्या कप्प्यांची वीज. रक्त ढकलण्याचं मुख्य काम याच कप्प्यांचं. आणि टी म्हणजे ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी परत तयार होत असल्याची खूण. मॉनिटरवर हृदयाच्या ठोक्यांचा जो आकडा येतो, तो यंत्र साधारणपणे या सुळक्यांमधलं अंतर मोजूनच काढतं. दोन सुळक्यांमध्ये ०.८ सेकंद असतील तर मिनिटाला ७५ ठोके.

इलेक्ट्रोकार्डिओग्राम हा शब्दही त्यांनी १८९३ मध्ये डच डॉक्टरांच्या सभेत वापरला आणि तो रूढ झाला. पण हा शब्द आधी वॉलर यांनीच वापरला होता, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगून टाकलं. हा स्वभाव लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी तो परत भेटणार आहे.

केसापेक्षा तीसपट बारीक तार

आता खरी रेष कशी दिसायला हवी ते माहीत झालं होतं. पण प्रत्येक पेशंटमागे पानभर हिशेब करत बसणं कोणत्याच दवाखान्याला परवडणारं नव्हतं. यंत्रानेच थेट खरी रेष काढायला हवी होती.

अडचण अशी होती की त्वचेपर्यंत पोचणारी हृदयाची वीज जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असते. घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलच्या साधारण दीड हजाराव्या भागाइतकी. आणि तेव्हा ही वीज वाढवून दाखवणारे इलेक्ट्रॉनिक अॅम्प्लिफायर अस्तित्वातच नव्हते. म्हणजे इतक्या थोड्या विजेनेही जागची हलेल इतकी हलकी वस्तू शोधायची होती.

त्यांनी निवडली क्वार्ट्झची तार. क्वार्ट्झ वितळवायचं, ते बाणाला चिकटवायचं आणि बाण खोलीभर सोडायचा. बाणामागे ओढली जाणारी तार इतकी बारीक निघते की डोळ्याला दिसणं मुश्कील. जाडी साधारण ०.००२ मिलिमीटर. आपला केस तिच्या तीसेक पट जाड असतो. वीज वाहावी म्हणून या तारेवर चांदीचा मुलामा द्यायचा आणि ती एका ताकदवान विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवायची.

आता हृदयाची वीज तारेतून गेली की चुंबकामुळे तार बाजूला सरकते. अगदी किंचित, पण लगेच, कारण तिला वजनच जवळजवळ नाही. चुंबकाला भोक पाडून त्यातून प्रकाश सोडला, सूक्ष्मदर्शकाने तारेची सावली मोठी केली आणि ती सरकत्या फोटोकाचेवर पाडली. बस्स, रेष तयार. हिशेबाची गरजच उरली नाही. आणि सगळ्यात समाधानाची गोष्ट म्हणजे यंत्राची रेष आणि आधी गणिताने काढलेली रेष एकमेकींशी जुळल्या.

या यंत्राचं नाव स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर. त्याची माहिती आणि त्यावर काढलेल्या रेषा १९०१ ते १९०३ या काळात प्रसिद्ध झाल्या. तारेची कल्पना पूर्णपणे नवी होती असंही नाही. क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने १८९७ मध्ये तारायंत्राचे संदेश पकडायला असाच तारेचा उपयोग केला होता. पण हृदयाची बारीकशी वीज अचूक पकडेल इतकं नाजूक यंत्र आइंटहोव्हेन यांनी केलं.

तार नाजूक असली तरी बाकीचं यंत्र काही नाजूक नव्हतं. वजन जवळपास २७० किलो. दोन खोल्या लागायच्या, चालवायला पाच माणसं लागायची. चुंबक तापू नये म्हणून पाण्याने थंड ठेवावा लागे. आणि पेशंटला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून खुर्चीत बसावं लागे. आज छातीला आपण जे चिकट गोल लावतो, त्यांचे हे पूर्वज.

पेशंट इथे, यंत्र तिथे

आता प्रश्न असा, की २७० किलोंचं यंत्र दवाखान्यात न्यायचं कसं आणि गंभीर पेशंटला प्रयोगशाळेत आणायचं कसं?

आइंटहोव्हेन यांनी दोन्ही टाळलं. दवाखाना प्रयोगशाळेपासून साधारण दीड किलोमीटरवर होता. त्यांनी टेलिफोनच्या तारेने दोन्ही जोडले. पेशंट दवाखान्यात भांड्यांत हात-पाय बुडवून बसणार आणि त्याच्या हृदयाची रेष दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत उमटणार.

२२ मार्च १९०५ रोजी असा पहिला टेलिकार्डिओग्राम काढला गेला. तो एका धडधाकट माणसाचा होता. त्याच्या रेषेतले आर सुळके बरेच उंच आले. त्याचं कारण असं दिलं गेलं, की तो प्रयोगशाळेतून दवाखान्यात सायकल मारत आला होता.

आज पेशंटचं शरीर एका जागी आणि त्याची रेष दुसरीकडे बसलेल्या डॉक्टरच्या पडद्यावर, यात आपल्याला नवल वाटत नाही. नर्सच्या टेबलावरच्या एका पडद्यावर सगळ्या पलंगांच्या रेषा दिसतात. गावातल्या पेशंटचा ईसीजी शहरातल्या डॉक्टरला व्हॉट्सअॅपवर पाठवला जातो. त्या कल्पनेची सुरुवात लायडनमधल्या दीड किलोमीटरच्या तारेत आहे.

या तारेमुळे खऱ्या आजारी लोकांच्या रेषा हाती आल्या. १९०६ मध्ये आइंटहोव्हेन यांनी निरोगी आणि बिघडलेल्या हृदयांच्या रेषा क्रमाने मांडल्या. हृदयाचे कप्पे मोठे झाले की रेष कशी बदलते, मधेच येणारा जादा ठोका कसा दिसतो, वरच्या कप्प्यांची वीज खाली पोचलीच नाही तर काय उमटतं, हे सगळं त्यात होतं. एका अर्थी ही नव्या लिपीची बाराखडीच.

सगळ्यांची पट्टी एकच

अचूक यंत्र झालं. पण अचूक असून भागत नाही, ते सगळीकडे सारखं असावं लागतं. एका गावात शेर वेगळा आणि दुसऱ्या गावात वेगळा असेल तर व्यापार कसा होणार?

म्हणून त्यांनी मापं ठरवली. रेषेत आडवा एक मिलिमीटर म्हणजे ०.०४ सेकंद. उभा एक मिलिमीटर म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट. घरात कुणाचा जुना ईसीजी असेल तर काढून बघा. त्या गुलाबी चौकटींच्या कागदावर आजही साधारणपणे हेच माप असतं.

मग तारा लावायच्या कुठे, तेही ठरवलं. उजवा हात, डावा हात आणि डावा पाय. यातले दोन-दोन बिंदू जोडले की तीन जोड्या होतात. प्रत्येक जोडी म्हणजे हृदयाकडे बघण्याची एक बाजू. घर समोरून, बाजूने आणि कोपऱ्यावरून बघावं तसं. १९१३ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर यामागचं गणित मांडलं. शरीरावर एक समभुज त्रिकोण कल्पायचा आणि हृदय त्याच्या मध्यभागी धरायचं. याला आजही आइंटहोव्हेनचा त्रिकोण म्हणतात.

यात एक सुंदर सोय आहे. पहिल्या आणि तिसऱ्या जोडीची वीज मिळवली की दुसऱ्या जोडीची मिळायलाच हवी. नाही मिळाली तर समजायचं की कुठेतरी गडबड आहे. म्हणजे रेष स्वतःची चूक स्वतःच सांगते.

आयसीयूत मॉनिटर लावताना नर्स उजव्या खांद्याजवळ, डाव्या खांद्याजवळ आणि पोटाच्या डाव्या बाजूला चिकट गोल लावते, ते आठवतंय? तो हाच त्रिकोण. फक्त हाता-पायांवरून अंगावर सरकलेला.

दवाखान्यात पोचलेलं यंत्र

यंत्र विकायला बनवण्यासाठी आइंटहोव्हेन यांनी आधी म्युनिकच्या एडेलमन यांच्याशी बोलणी केली. सुरुवात बरी झाली, पण पुढे हा व्यवहार फिसकटला. मग इंग्लंडमधल्या केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीने ते हातात घेतलं. ही कंपनी होरेस डार्विन यांची, म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विन यांच्या मुलाची. त्यांचं पहिलं यंत्र १९०८ मध्ये एडिंबरोला गेलं. १९११ पर्यंत ते टेबलावर मावेल इतकं आटोपशीर झालं.

लंडनमध्ये थॉमस लुईस या तरुण डॉक्टरने हे यंत्र पेशंटच्या उशाशी नेलं. नाडी अत्यंत अनियमित चालते तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेचा सावळागोंधळ चाललेला असतो, हे त्यांनी १९०९ च्या सुमारास या रेषेतून दाखवलं. आइंटहोव्हेन यंत्राचे आणि नियमांचे माणूस, लुईस पेशंटचे. दोघांचं छान जमलं. लुईस यांनी आपला ग्रंथ आइंटहोव्हेन यांना अर्पण केला आणि आइंटहोव्हेन यांनी नोबेलच्या भाषणात लुईस यांच्या कामाचा मोठेपणा सांगितला.

नोबेल आणि अर्धी रक्कम

१९२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल आइंटहोव्हेन यांना जाहीर झालं तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यानं देत फिरत होते. आपल्याला नोबेल मिळाल्याचं त्यांना बोस्टनमधल्या वर्तमानपत्रातून कळलं.

याच नोबेलची एक गोष्ट डॉक्टरमंडळींमध्ये वर्षानुवर्षं सांगितली जाते. यंत्र बनवताना प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाने त्यांना फार मोलाची साथ दिली होती. बक्षिसाची रक्कम हातात आल्यावर आइंटहोव्हेन त्याला शोधत निघाले, कारण अर्धा वाटा त्याचा आहे असं त्यांचं मत होतं. शोध घेतल्यावर कळलं की तो माणूस आता हयात नाही. त्याच्या दोन बहिणी तेवढ्या उरल्यात आणि हलाखीत दिवस काढतायत. आइंटहोव्हेन त्यांच्याकडे गेले आणि अर्धी रक्कम त्यांना देऊन आले.

शेवटच्या वर्षांत त्यांनी आपल्या त्याच तारेचा आणखी एक उपयोग शोधला. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव विलेमच, विद्युत अभियंता होता. दोघांनी मिळून निर्वात नळीत बसवलेली तार तयार केली. ती जावा आणि नेदरलँड्स यांच्यातले बिनतारी संदेश पकडण्यासाठी होती. लहानपणी वडील गेल्यावर ज्या बेटावरून आईबरोबर निघावं लागलं, त्याच बेटाचे संदेश म्हातारपणी त्यांच्या तारेवर उमटत होते.

२९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं. तेव्हा वय होतं सदुसष्ट.

रेषेवर पहारा

एक गोष्ट मात्र आइंटहोव्हेन यांच्या हयातीत झाली नाही. त्यांच्या यंत्राने रेष काढली जायची ती तेवढ्यापुरती. काही ठोके टिपायचे आणि थांबायचं. पण हृदय काही डॉक्टर बघत असतानाच बिघडतं असं नाही.

हळूहळू इलेक्ट्रॉनिक अॅम्प्लिफायर आले आणि बारीक तारेची जागा त्यांनी घेतली. फोटोच्या काचेऐवजी पडद्यावर पळता ठिपका आला. अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात पाठीवर घेऊन फिरायचं यंत्र केलं, वजन पस्तीस किलोंच्या पुढेमागे. आज होल्टर म्हणून जे छोटं यंत्र डॉक्टर दिवसभर अंगावर ठेवायला देतात, त्याची ही सुरुवात.

खरा बदल झाला तो १९६० नंतर. तोवर हार्ट अटॅकचे पेशंट साध्या वॉर्डात इकडे-तिकडे पडलेले असत. त्यातले कित्येक पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत ठोक्याची लय अचानक बिघडून जात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नसे. हृदयाला बाहेरून झटका देणारं यंत्र तोवर आलं होतं, छाती दाबून रक्त फिरतं ठेवता येतं हेही कळलं होतं. पण त्यासाठी लय बिघडल्याचं मिनिटाभरात कळायला हवं. १९६१ मध्ये एडिंबरोच्या डेस्मंड ज्युलियन यांनी सुचवलं की असे पेशंट एका ठिकाणी ठेवा, त्यांची रेष सतत पडद्यावर ठेवा, बिघडली की घंटा वाजू द्या आणि धावून जायला शिकलेली माणसं जवळ ठेवा. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीत ह्यूज डे यांनी असा विभाग सुरू केला. केंब्रिजचं पहिलं यंत्र १९०८ मध्ये एडिंबरोलाच गेलं होतं, हा योगायोगही छान.

पुढे याच पडद्यावर रक्तदाब, श्वास, तापमान, ऑक्सिजन असे एकेक आकडे येऊन बसले. ते यायलाच हवे होते, कारण रेष फक्त हृदयाची वीज सांगते. वीज नीट असूनही पंप रक्त ढकलत नाही, असं होऊ शकतं. आणि रेष सपाट झाली म्हणजे दरवेळी सिनेमातल्यासारखा शेवट झाला असंही नसतं. बऱ्याचदा चिकट गोल निघालेला असतो. पेशंट हलला, खोकला, कुशीवर वळला तरी रेष वेडीवाकडी होते आणि घंटा वाजते. म्हणून अनुभवी नर्स घंटा वाजली की आधी पेशंटकडे बघते, मग पडद्याकडे. साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाहीच, असंही नसतं. छातीत दुखत असेल तर कागद बघून घरी बसायचं नाही, डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचं.

आइंटहोव्हेन यांना हे नवीन वाटलं नसतं. यंत्र आपल्याला फसवू शकतं, हे गृहीत धरूनच तर त्यांनी कामाला सुरुवात केली होती. पाऱ्याने काढलेली रेष जगाने मान्य केली होती, त्यांनी ती तपासून पाहिली.

पुढच्या वेळी त्या काचेतून आत बघायची वेळ आली, आणि ती न येवो, तर एवढं लक्षात असू द्या. तो छोटा उंचवटा पी. तो सुळका क्यू, आर, एस. शेवटचा उंचवटा टी. आपल्या माणसाच्या अंगावर लावलेल्या तीन चिकट गोलांमध्ये एक त्रिकोण आहे. आणि पलंगाशेजारी उभी असलेली नर्स त्या रेषेइतकीच महत्त्वाची आहे.